गोणीतला मोगरा

शंभर वर्षांची वस्तू मी तीस माणसांच्या देखत, भर सकाळी, हसत हसत कापली. कापून झाल्यावर टाळ्याही घेतल्या. हे आधीच कबूल करून टाकते. पुढं कुठं मी शहाणपणाचं बोलायला लागले तर वाचणाऱ्यांनी ती कात्री आठवावी.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला 'तुमचा प्रेरणादायी प्रवास लिहा' असं सांगितलं होतं. माझा प्रवास म्हणजे घर ते संग्रहालय, सायकलवर, मधे एक चढ. त्यात कसली प्रेरणा? कुत्री मागं लागायची तेव्हा पायात जोर यायचा, तेवढीच.

मी हिंगोलीतल्या एका लहानशा संग्रहालयात 'उपक्रम सहायक' होते. तीन खोल्या, एक लांब ओसरी आणि मागं बाग. खोल्यांमध्ये जाती, पाटे-वरवंटे, तांब्याची घंगाळं, शेतीची अवजारं आणि नाक गेलेल्या दोन मूर्ती. गावातली माणसं त्याला 'भांड्याचं दुकान' म्हणायची. एक बाई तर घंगाळाची किंमत विचारून वर 'मोड घेता का हो?' असंही विचारून गेली. बघायला आपणहून कुणी येत नसे, म्हणून माणसं आत ओढून आणायचं काम माझ्याकडं. दर रविवारी काहीतरी काढायचं. कधी मातीची खेळणी, कधी पानांचे ठसे, कधी बागेतल्या झाडांची ओळख, तर कधी जात्यावर बसून दळण.

माझ्या नातीला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आजी, तू मोठ्या माणसांची अंगणवाडी चालवायचीस." बराबर ओळखलं पोरीनं. फरक एवढाच की अंगणवाडीत खिचडी मिळते.

बाहेरच्यांना वाटतं, अशा कामाला कला लागते. कला नंतर. आधी सावली लागते, पिण्याचं पाणी लागतं आणि संडासाची किल्ली लागते. शिकवणारा कलाकार तासभर उशिरा आला तरी लोक गप्पा मारत बसतात, पण ती किल्ली हरवली की उपक्रम संपला. कात्र्या सुतळीनं टेबलाला बांधून ठेवायच्या, नाहीतर त्याही माणसांबरोबर घरी जातात. लेकराला आपल्याकडं सोडून बाजाराला जाणाऱ्या आईची पिशवी ठेवून घ्यायची, म्हणजे ती परत येते.

हे झालं साधं. माझे स्वतःचे शोध दोन. प्रमुख पाहुणा आला की त्याला खुर्ची दाखवायच्या आधी हातात चिखलाचा गोळा द्यायचा. दोन्ही हात भरले की माणसाला माइक धरता येत नाही. आणि वयस्कर माणूस जुन्या गोष्टी सांगायला लागला की त्याच्यापुढं चहा ठेवायचा. तोंडात चहा असला की बोलणं थांबतं, शिवाय आपण फार अदबीनं वागलो असंही दिसतं. हात चिखलानं भरा, तोंड चहानं. या शोधांचा मला इतका अभिमान होता की नव्या मुलींना मी ते वहीत लिहून घ्यायला लावायची.

तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. त्याआधी आमच्या वस्तीतल्या विहारात लेकरांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. तिथून पाठक सरांनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, मला बोलावून घेतलं आणि लगेच मोठ्या शहरात दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथंच बिघडलं. जाताना मी बरी होते. येताना गळ्यात मातीचे मणी, खांद्याला शबनम आणि तोंडात 'अभिव्यक्ती', 'सहभाग', 'संवाद' असले शब्द घेऊन आले. नवऱ्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी मी म्हणायची, "आपण यावर संवाद करू या." बिचारा अळणी खायचा.

तर अशी ही संवादवाली बाई, आणि त्या रविवारचा तिचा उपक्रम 'पोत्याची कुंडी'. हिंगोलीत हळदीचा मोठा बाजार, त्यामुळं मोंढ्यात फाटक्या पोत्यांना तोटा नाही. पोतं कापायचं, दाभणानं शिवून त्याची थैली करायची, आत माती आणि शेणखत भरून रोप लावायचं आणि घरी न्यायचं. नोटिशीत मी लिहिलं होतं, 'घरी जुनं पोतं असल्यास सोबत आणावं.' ओसरीत पोत्यांचा ढीग रचला होता. सगळीकडं हळदीचा वास. लग्नघरात आल्यासारखं वाटत होतं.

नवाच्या सुमाराला एक म्हातारा आला. पांढरं धोतर, लाल पागोटं, काखेत दोरीनं बांधलेलं जाडजूड गाठोडं. हे सोमलाबाबा राठोड, पुसेगावच्या पुढच्या तांड्यावरचे. पण ते मला सोमवारी कळलं. रविवारी माझ्या लेखी ते पोतं घेऊन आलेले एक आजोबा होते.

"बाई, हे माझ्या आज्याचं हाय," त्यांनी सुरुवात केली.

"वा! बसा बाबा, आधी चहा घ्या."

त्यांनी चहा प्यायला. कप खाली ठेवला. "आमची मान्सं जवा बैलं घेऊन निघायची..."

"बैलांचा उपक्रम पोळ्याला आहे, बाबा. तेव्हा नक्की या. अजून एक चहा घ्या."

दुसरा चहाही त्यांनी मुकाट्यानं प्यायला. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "साहेब न्हाईत का? साहेबाला जरा सांगायचं व्हतं."

पाठक सर त्या दिवशी परभणीला लग्नाला गेले होते. "मी आहे ना! साहेब म्हणजे मीच समजा," असं म्हणून मी तिसरा चहा मागवला आणि रोपं मोजायला निघून गेले.

बाबांना अकराची एस.टी. धरायची होती. जाताना एवढंच म्हणाले, "जपून ठेवताल ना?"

"अगदी जपून," मी म्हणाले. गाठोडं सोडलं आणि आतलं पोतं नीट घडी घालून ढिगावर सगळ्यांत वर ठेवलं. यालाच मी जपणं म्हणत होते.

थोड्या वेळानं प्रात्यक्षिक सुरू झालं आणि मी नेमकं तेच उचललं, कारण तेच सगळ्यांत देखणं होतं. उंच धरून सगळ्यांना फिरवून दाखवलं. "बघा, वीण कशी घट्ट आहे! हातानं कातलेला ताग. असं काम आता कुठं बघायला मिळत नाही." एवढं बोलले आणि कात्री लावली. कात्री चालेना. तिथं तरी थांबावं की नाही? मी रहीममामूंना, म्हणजे आमच्या माळ्याला, कुंपण छाटायची मोठी कात्री आणायला सांगितली.

मामू जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाईजी, ये बहुत पुरानी चीज दिख रई."

"म्हणूनच तर, मामू! जुन्याला नवं रूप द्यायचं, हाच आपला उद्देश."

मामूंनी एकदा आभाळाकडं बघितलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

चार झकास कुंड्या झाल्या. तीन लोकांनी नेल्या. चौथीत मी कोरफड लावून ती माझ्या खिडकीत ठेवली. मधली जाड पट्टी उरली होती, ती मामूंनी पाण्याच्या गळक्या नळीला गुंडाळली. काही वाया गेलं नाही म्हणून मी फार खूश होते.

सोमवारी पाठक सर आले ते हसतच. "काय, राठोडबाबांनी गोण आणून दिली ना? दाखवा, दाखवा!"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकता ऐकता मी खिडकीतल्या कोरफडीसमोर आडवी उभी राहिले. तांड्यातल्या माणसांचा पूर्वी बैलांवरून माल वाहण्याचा धंदा होता. रेल्वे नव्हती, सडका नव्हत्या, तेव्हा त्यांचे बैलांचे कळप धान्य आणि मीठ घेऊन मुलूखभर फिरायचे. बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही कुशींना पोटं लोंबणारी ती गोण. धंदा गेला, बैल गेले, माणसं शेतीला लागली. सोमलाबाबांच्या घरात त्यांच्या आजोबांची एक गोण तेवढी उरली होती. सर ती मागायला चार वेळा तांड्यावर गेले होते. बाबा शेवटी तयार झाले ते एका अटीवर. पुढच्या रविवारी अख्खा तांडा टेम्पोनं येणार आणि गोण काचेच्या पेटीत ठेवलेली बघणार.

"नातवंडं त्यांच्यावर हसतात हो," सर म्हणाले. "म्हातारा बैलांच्या थापा मारून राहिला, म्हणतात. बाबा मला म्हणाले, साहेब, सरकारी काचंत दिसली तर मानतील."

मी खिडकीपुढून बाजूला झाले.

सर रागावले नाहीत. खुर्चीत बसले. मग विचारलं, "किती तुकडे?"

"चार. आणि एक पट्टी."

"मी त्यांना शब्द दिला होता, की आमच्याकडं वस्तू सुरक्षित राहते." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. "रविवारच्या आत सगळं गोळा करा. नाहीतर तांड्यावर जाऊन तुम्हीच सांगायचं. मी येणार नाही."

कोरफड तिथल्या तिथं उपटली. नळीची पट्टी सोडली, तर कारंजं उडून मी आणि मामू दोघंही भिजलो. मामू म्हणाले, "बाईजी, ये आपको नया रूप मिला." मी भिजलेली पट्टी पिळायला घेतली. 

नोंदवहीत तिघांचे पत्ते होते. मंगळवारी पुसेगाव गाठलं. तिथल्या शोभाबाईंनी कुंडीतलं रोप वाफ्यात लावून टाकलं होतं, आणि तुकडा सोड्याच्या पाण्यात उकळून, आपटून, दारात पायपुसणं म्हणून अंथरला होता. मी उभी होते तेवढ्यात एक म्हैसही त्यावर पाय देऊन गेली.

"काहून वं ताई, दिलेलं परत मागून राहिल्या? किती नामी पाय पुसते ते!"

मी खरं सांगितलं. त्या कंबरेवर हात ठेवून इतक्या हसल्या की शेजारणी जमल्या. तुकडा मिळाला, पण नवं पायपुसणं आणून द्यायच्या बोलीवर, आणि तेही मोरपंखी रंगाचं.

बुधवारी आखाडा बाळापूर. तिथल्या रस्त्यावर बालाजी हॉटेल चालवतो. गाडीचं काम होईपर्यंत सावली शोधत तो आमच्या बागेत शिरला होता आणि कुंडी घेऊन बाहेर पडला होता. त्यानं ती गल्ल्याजवळ टांगली होती आणि तिच्यातल्या पानओव्याची भजी तळायला काढली होती. त्यानं खळखळ केली नाही. रोप तेलाच्या डब्यात हलवलं आणि म्हणाला, "न्या ताई. पण दोन प्लेटी भजी खाऊन अन् सगळी गोष्ट सांगून." शेजारच्या बाकावर ट्रकचे ड्रायव्हर बसले होते. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "म्हंजे, म्युझियमवाल्यांनीच म्युझियम कापलं?" भजी उत्तम होती. सांगता सांगता ती गार झाली, तो भाग वेगळा.

खरी अडचण घराशेजारी होती. देवराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या प्रत्येक उपक्रमाला पहिल्या रांगेत. माझ्या नोटिशी लाल शाईनं दुरुस्त करून परत आणून देणारे. त्यांनी गोणीच्या तुकड्यात मोगरा लावला होता आणि त्याला कळी धरली होती.

"मुळांना धक्का लागला तर रोप दगावेल," ते म्हणाले. "आणि दिलेलं दान परत मागणं तुम्हाला शोभत नाही."

मी गुरुवारी गेले, शुक्रवारी सकाळी गेले, संध्याकाळी पुन्हा गेले. शेवटी गुरुजींनी चष्मा काढला. "एक तोडगा आहे. रविवारी मला दहा मिनिटं बोलू द्या. माइकवर. आणि आल्या आल्या माझ्या हातात चिखल देऊ नका. तुमची युक्ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

काय करणार? मामूंनी मोगरा मातीच्या कुंडीत हलवला. गुरुजी शेजारी उभे राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत होते, जशी लेकीची पाठवणी चालली आहे.

शनिवारी मी गोण शिवली. मोंढ्यातल्या सुतळीनं, वाकड्या टाक्यांनी, मधे मधे डोळे पुसत. एक तुकडा सोड्यानं पांढरा पडलेला, एकाला तेलाचा वास, एकाच्या विणीत शेणखत. सरांनी काळजावर दगड ठेवून पाटी लिहिली, 'जीर्ण अवस्थेत प्राप्त.' तीन शब्दांत आम्ही सगळा दोष बैलांवर ढकलला. शिवणी भिंतीच्या बाजूला येतील अशी गोण पेटीत मांडली.

रविवारी टेम्पो आला. म्हाताऱ्या आरसे लावलेल्या ओढण्या घेऊन आल्या होत्या, पोरं केस विंचरून, पोरी नवे ड्रेस घालून. सोमलाबाबा सगळ्यांच्या पुढं. काचेसमोर येऊन थांबले. 

त्यांचा नातू, असेल पंधरा-सोळा वर्षांचा, काचेला नाक लावून म्हणाला, "बाबा, हे फाटकं पोतं दावाया आनलं व्हय आमाला?"

पोरं हसली. बाबा नाही हसले. ते पाटी वाचायचा प्रयत्न करत होते. मला वाटलं, आता त्यांना कुणी ती वाचून दाखवू नये.

तेवढ्यात ओसरीतून माइकचा आवाज आला. गुरुजींची दहा मिनिटं सुरू झाली होती. संस्कृती झाली, वारसा झाला, आणि मग त्यांना भरून आलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या गोणीनं परवापर्यंत माझ्या मोगऱ्याला मांडीवर घेतलं, तिला माझे वंदन!"

तांड्यानं एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कारण गुरुजींनी माझ्याकडं हात केला होता. आणि वर म्हणाले, "त्या वेळी या बाईंनी फार सुंदर कापली होती."

मी जाऊन माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात संवादही आला नाही आणि अभिव्यक्तीही आली नाही. म्हणाले, "गोण जीर्ण नव्हती. धडधाकट होती. मी कापली. बाबा तीनदा सांगायला लागले होते, मी ऐकून घेतलं नाही."

एक म्हातारी पुढं आली आणि तिनं तिच्या बोलीत मला दोन वाक्यं सुनावली. मला ती बोली येत नाही. कुणी अर्थ सांगितला नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

सोमलाबाबांनी सरांना पेटी उघडायला लावली. गोण बाहेर काढली, ओसरीत अंथरली, मांडी घालून बसले आणि माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"हे कोन शिवलं?"

"मी, बाबा."

"ह्यात मीठ भरून निगालो असतो, तर हिंगोलीतच सांडलं असतं."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी मामूंकडून दाभण मागून घेतलं, माझी सुतळी सर्र करून उसवली आणि नातवाला म्हणाले, "धर तिकडून. ताणून." गोण एकट्यानं शिवता येत नाही. एकानं ताणायची, एकानं टाका घालायचा. नातू बसला. मग दुसरा बसला. टाका घालता घालता बाबा सांगत होते. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा कसली, मुक्कामाला गोणींची भिंत कशी रचायची, तिच्या आडोशाला बाळंतीण कशी झोपायची, आणि त्या भिंतीआड जन्मलेलं लेकरू म्हणजे त्यांचा बाप. नातवानं विचारलं, "मंग वाघ आला तर?" त्याला वाघ आला तरचंही उत्तर मिळालं. काचेबाहेर हसणारी पोरं आता दाभणासाठी भांडत होती. गुरुजी माइक बंद करून, चष्मा पुसत, खाली पोरांच्या रांगेत बसले होते.

मी चालवलेला सगळ्यांत चांगला उपक्रम तो. त्यात माझं काम पाणी आणून द्यायचं होतं.

सोमलाबाबा आता नाहीत. पोळ्याच्या उपक्रमाला या, असं मी त्यांना म्हणाले होते. ते तीन वर्षं आले, आणि दर वेळी मी दोन तास त्यांच्यासमोर बसून राहिले. तरी पुष्कळ विचारायचं राहिलं. मी तेव्हा दहा दिवसांत जे शिकून आले होते, त्यात समोरचा बोलत असताना गप्प बसण्याचा तास नव्हता. असला तरी त्या तासाला मीच बोलत असणार.

गोण अजून पेटीत आहे, शिवणी बाहेरच्या बाजूला. तीन शिवणी तांड्याच्या. एक बाबांनी माझी ठेवली. उसवायला गेलेल्या नातवाला म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती, लोकास्नी फरक कळंल." पाटी सरांनी मलाच नवी लिहायला लावली: 'कापली संग्रहालयानं. शिवली तांड्यानं.' गुरुजींना त्यात एकही चूक सापडली नाही.

त्या दिवशी, पहिली शिवण चालू असताना, मी माझ्या सवयीनं बाबांपुढं चहा नेऊन ठेवला होता. आणि हात जोडून सुरू झाले होते, "बाबा, माझं खरंच चुकलं, म्हणजे त्या दिवशी असं झालं की..." बाबांनी कप उचलून माझ्याच हातात दिला. आधीचं 'तुमी' तोवर गळून पडलं होतं. म्हणाले,

"पोरी, तवा मी तीन डाव सांगाया लागलो, तू तीन डाव च्या पाजलास. आता तू च्या पी अन् मी सांगतो. पिऊन झाला की हे टोक धर. सैल सोडशील तर दाभण बोटात शिरंल, अन् ते बोट माझं नसंल."